टोप्या करणारा अर्थमंत्री

शाळेत १८५७ चा उठाव शिकलो, राणीचा जाहीरनामा झाला आणि आपण थेट १८८५ च्या काँग्रेसवर पोचलो. मधली पानं राहूनच गेली. पुढे बँकांच्या सॉफ्टवेअरवर काम करताना त्या पानांतला एक माणूस मला भेटला, जेम्स विल्सन. स्मरणिकेत त्याच्याविषयीच लिहायचं ठरवलं.

१८०५ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी तो टोप्या बनवायच्या धंद्यात उमेदवारीला लागला. पुढे लंडनमध्ये जम बसला, पण १८३७ मध्ये निळीच्या सट्ट्यात बरंच गमावलं. १८४३ मध्ये त्याने 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढलं, १८४७ मध्ये खासदार झाला आणि १८५३ मध्ये चार्टर्ड बँक स्थापन केली.

१८५९ च्या अखेरीस तो अर्थमंत्री म्हणून कोलकात्याला आला. उठावानंतर सरकार कर्जात बुडालं होतं. १८६० मध्ये त्याने आयकर आणला आणि नोटांचाही प्रश्न हाती घेतला. तेव्हा बंगाल, मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढत. त्या मोठ्या शहरांपलीकडे फारशा चालत नसत. बाकी सगळीकडे चांदीचा रुपया. नोटा फक्त सरकारने काढाव्यात, असं विल्सनचं म्हणणं. म्हणजे बँकांचा फायद्याचा हक्क जाणार!

खरा वाद होता तारणाचा. नोटांच्या एक तृतीयांश रकमेची नाणी तिजोरीत ठेवा, बाकीचे सरकारी रोखे चालतील, असं विल्सनचं मत. लंडनमधला भारतमंत्री चार्ल्स वुड याला ते मान्य नव्हतं. रोख्यांना ठरावीक मर्यादा घाला, त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे पूर्ण चांदी हवी, असा त्याचा आग्रह. आमच्या भाषेत सांगायचं तर, सगळे एकदम पैसे मागायला आले तर यंत्रणेने किती भार सोसावा, याचा हा वाद.

निकाल पाहायला विल्सन राहिला नाही. ११ ऑगस्ट १८६० ला कोलकात्यात आमांशाने त्याचा मृत्यू झाला. १८६१ चा कायदा वुडच्या मताप्रमाणे झाला. रोख्यांची मर्यादा चार कोटी रुपये ठरली. १ मार्च १८६२ पासून सरकारी नोटा सुरू झाल्या आणि बँकांच्या नोटा थांबल्या. तरी इलाख्यांच्या भिंती उरल्याच. मुंबई विभागाची नोट कोलकात्यात घेण्याचं कायद्याने कुणावर बंधन नव्हतं. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये, ब्रह्मदेश वगळता, देशभर चालू झाली. शंभराची १९११ मध्ये.

या खटाटोपाचं मोल मला मुंबईच्या गोष्टीतून कळलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली, शेअरांचा सट्टा माजला, आणि त्यात सापडलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. भागधारकांचं नुकसान झालं. पण लोकांच्या खिशातल्या नोटा आता त्या बँकेच्या नव्हत्या, सरकारच्या होत्या. बँक बुडाली तरी नोट बुडाली नाही.