खेड्यांची पत जोडणारा माणूस

स्मरणिकेतील थोरांच्या चरित्राचे पान यंदा मी लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी एका जर्मन गृहस्थांचे नाव सुचवले. ते नाव ऐकून कमिटीत थोडा हशा झाला, कारण ते पहिल्या खेपेला कोणाच्याच जिभेवर बसत नाही. फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन हे ते नाव. मात्र ज्यांच्या माहेरी किंवा सासरी गावच्या सोसायटीचे पीककर्ज घेतले जाते, ज्या भगिनी बचत गटातून शिलाई मशीन, पापड-कुरडयांचे सामान किंवा एखादी शेळी घेतात, त्या सर्वांच्या व्यवहारात या माणसाचा हात आहे. आपल्या मंडळाच्या कर्जनिधीचे नियम बदलावेत की नाही, हा विषय यंदा सर्वसाधारण सभेपुढे यायचा आहे. म्हणूनही मला त्यांचीच आठवण झाली.

जर्मनीच्या पश्चिम भागात, ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जमीन हलकी, हिवाळा कडक, आणि लहान शेतकऱ्याची सारी भिस्त बटाटे व रायसारख्या भरड धान्यावर. या मुलखातील हाम या गावी ३० मार्च १८१८ रोजी राइफायझेन यांचा जन्म झाला. नऊ भावंडांतील ते सातवे. वडील शेती करीत आणि काही काळ गावचे कारभारीही होते. परंतु त्यांचा संसाराला आधार फार दिवस राहिला नाही, आणि मुलांना वाढवण्याचा सारा भार आईवर पडला. पुढील शिक्षणाला पैसा नव्हता. गावच्या धर्मोपदेशकांनी जे शिकवले तेवढ्यावर सतराव्या वर्षी मुलगा फौजेत भरती झाला. तेथे तोफखान्यात त्याचे बरे चालले होते, पण डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली फौज सोडावी लागली. हा विकार पुढे जन्मभर त्यांच्या मागे राहिला.

१८४५ साली वायरबुश येथे ते बर्गोमास्टर झाले. बर्गोमास्टर म्हणजे आपल्याकडचा सरपंच आणि मामलेदार यांचे मिश्रण समजावे. त्याच्या हाताखाली एक गाव नव्हे, तर आसपासची बरीच खेडी असत. त्याच वर्षी एमिली श्टोर्क या औषधविक्रेत्याच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी, १८४६ साली, त्यांना पहिली मुलगी झाली, आणि त्याच वर्षी मुलखात दुष्काळ पडला. बटाट्यावर रोग, धान्याचे पीक बुडालेले आणि वर जीवघेणा हिवाळा. सरकारने अन्नाची मदत धाडली, परंतु ती रोख पैसे घेऊनच वाटावी असा हुकूम सोबत होता. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना मदतीची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांच्याकडे पैसे कुठले? राइफायझेन यांनी हुकूम बाजूला ठेवला आणि गरिबांकडून नुसते कर्जरोखे लिहून घेऊन ते अन्न उधार वाटले. मग गावातील खातेपित्या लोकांकडून निधी उभा केला, बाहेरून धान्य आणवले, आणि गावाची स्वतःची भट्टी बांधून पाव भाजायला सुरुवात केली. हा पाव बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत पडे, आणि ज्याला आज पैसे देणे शक्य नसे त्याने ते पुढे हाती आल्यावर द्यावेत, अशी सवलत असे.

अन्नछत्र घालून ते मोकळे होऊ शकले असते, परंतु त्यांनी उधारी लिहून घेतली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज येथेच आहे.

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली, आणि तेथे त्यांना दुष्काळाहून जुने दुखणे दिसले. हे दुखणे गाईचे होते. आपल्यापैकी ज्या शेतकऱ्यांच्या घरच्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको, की लहान शेतकऱ्याच्या घरात गाय म्हणजे मुलांचे दूध, शेताला खत, नांगराला जोड आणि अडीअडचणीची ठेव, सारे एकाच दावणीला. पण गाय घ्यायला रोकड नसे. मग गुरांचा व्यापारी पुढे होई. तो गाय उधारीवर देई किंवा आपल्याकडील अर्धलीसारख्या बोलीने देई. गाय दावणीला शेतकऱ्याची, चारा शेतकऱ्याचा, घरच्या बाईची उस्तवारी. पण मालकी व्यापाऱ्याची, आणि वासराच्या किमतीतही त्याचा वाटा. हडकुळी गाय पोसून दुभती झाली की तो ती घेऊन जाई आणि तिच्या जागी दुसरी भाकड आणून बांधी. हप्ता चुकला की व्याजावर व्याज चढे आणि गाईपाठोपाठ शेतही जाई. आळशी माणसाची गोष्ट मी सांगत नाही. राबणाऱ्याचे राबणेच येथे दुसऱ्याच्या घरी जमा होत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. त्या मुलखातील गुरांच्या व्यापारात ज्यू लोक पुष्कळ होते. शतकानुशतके त्यांना जमीन आणि बहुतेक धंदे बंद असल्याने ते त्या व्यापारात लोटले गेले होते. काहींच्या वागण्याचा राग साऱ्या जमातीवर निघत असे. राइफायझेन यांच्या उतारवयातील लिखाणातही हा आकस उतरला आहे. चरित्र लिहिताना तो झाकून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. पिळवणूक करणारे व्यापारी सर्व धर्मांत होते, आणि त्यांच्यावरचा उपाय, जो त्यांनीच शोधला, तो कोणाच्या द्वेषावर उभा नव्हता.

उपाय असा. १८४९ साली फ्लामर्सफेल्डमधील साठ सुखवस्तू लोकांना त्यांनी एकत्र आणले. या साठांनी मिळून सर्वांच्या मालमत्तेच्या जबाबदारीवर पैसा उभा केला. त्या पैशातून संस्था गुरे घेई, गरजू शेतकऱ्याला देई आणि किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करी. गरिबाला व्यापारी एका दराने कर्ज देतो आणि साठ पतदार माणसांच्या सहीला सावकार दुसऱ्या, हलक्या दराने देतो. या दोन दरांमधील फरक गरिबाच्या घरी राहावा, एवढाच हिशेब. पुढे गुरांऐवजी रोख कर्जही देऊ लागले, म्हणजे कोणाला अवजार घेता येई, कोणाला जुने देणे फेडता येई.

१८५२ साली ते नॉयवीड शहराशेजारच्या हेडेस्डॉर्फ येथे बर्गोमास्टर झाले. तेथे १८५४ साली त्यांनी धर्मादाय मंडळ काढले. त्याचे उद्देश वाचले की आपल्या मंडळाची घटना वाचतो आहोत असे वाटते! अनाथ व दुर्लक्षित मुलांचा सांभाळ, बेकारांना काम, तुरुंगातून सुटलेल्यांना आधार, वाचनालय, आणि कर्जे. हळूहळू बाकीची कामे गळत गेली आणि कर्जाचे तेवढे राहिले. त्याहून मोठी अडचण सभासदांची होती. दुष्काळाच्या दिवसांत पाझरलेली श्रीमंतांची मने सुबत्तेच्या दिवसांत आटली. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपले घर जबाबदारीत का अडकवावे, असे त्यांना वाटू लागले, आणि एकेक जण निघून जाऊ लागला. घेणारे रांगेत उभे आणि देणारे दाराबाहेर, अशी स्थिती आली.

राइफायझेन श्रद्धाळू ख्रिस्ती होते. श्रीमंताने गरिबाला हात देणे हे त्यांना धर्मकर्तव्यच वाटे, आणि ते सोडायला त्यांचे मन सहजासहजी तयार झाले नाही. त्याच सुमारास हेर्मान शुल्त्से-देलिच नावाचे दुसरे एक जर्मन गृहस्थ शहरांतील कारागिरांच्या पतपेढ्या काढत होते. ज्याला कर्ज हवे त्याने स्वतः सभासद व्हावे, हे त्यांचे तत्त्व. राइफायझेन यांनी दहा वर्षे आपला मार्ग चालवून पाहिला, आणि १८६४ साली हेडेस्डॉर्फच्या संस्थेची नव्याने बांधणी केली. आता कर्ज घेणाराच सभासद आणि सभासदच एकमेकांचे जामीन. साठ श्रीमंतांची सही गेली आणि तिच्या जागी गावातील सर्व लहानमोठ्यांची एकत्र सही आली.

या टप्प्यावर आपल्या भगिनींनी जरा थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे. निधीतून कर्ज घेणारीने दोन सभासदांची जामीनकी द्यावी, या सूचनेने काही जणींची मने दुखावली आहेत. आमच्यावर विश्वास नाही काय, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. पण देणगीदारांच्या पैशातून मिळालेले मशीन आणि शेजारणीच्या जामीनकीवर मिळालेले मशीन यांत पहिल्याने मान राखला जातो आणि दुसऱ्याने कमी होतो, असे मला वाटत नाही. देणगीदार कंटाळला की पहिला व्यवहार संपतो. दुसऱ्यात मात्र शेजारीण आपल्याला ओळखते, आपला धंदा चालेल असे तिला वाटते, आणि त्यावर ती सही करते. दारिद्र्यात माणसाजवळ तारण ठेवायला जमीन नसली तरी ओळख असते. राइफायझेन यांनी त्या ओळखीला बाजारात किंमत आणून दिली.

हे जमण्यासाठी त्यांनी काही नियम मात्र कडक ठेवले. संस्थेचे क्षेत्र लहान, शक्यतो एका गावापुरते, म्हणजे कोण कशासाठी कर्ज मागतो ते सर्वांना कळते. कारभारी मंडळी बिनपगारी. हिशेब लिहिणाऱ्याला तेवढा मोबदला. कर्जाची मुदत शेतीला साजेशी लांब, कारण गाय घेतल्या महिन्यात पैसे परत देत नाही. आणि नफा सभासदांनी वाटून घ्यायचा नाही. तो संस्थेच्या अविभाज्य निधीत टाकायचा. यावरून शुल्त्से-देलिच यांच्याशी त्यांचे मोठे वाद झाले. शुल्त्से यांना सभासदांचे भाग आणि त्यांवरील लाभांश हवा होता, लांब मुदतीची कर्जे धोक्याची वाटत होती. शहरातल्या सुताराचा पैसा फिरता असतो, शेतकऱ्याचा वर्षातून एकदा येतो; तेव्हा दोघेही आपापल्या गिऱ्हाइकापुरते खरेच होते, असे माझे मत आहे. या संस्थांनी पुढे बी-बियाणे आणि खतेही एकत्र घ्यायला सुरुवात केली.

आता घरातली हकीकत. १८६३ साली एमिलीबाई वारल्या. सात मुलांपैकी तीन लहानपणीच गेली होती. डोळे जवळजवळ निकामी, प्रकृती ढासळलेली. १८६५ साली, सत्तेचाळीसाव्या वर्षी त्यांना नोकरीतून निवृत्त व्हावे लागले आणि निवृत्तिवेतन तुटपुंजे मिळाले. पोटासाठी त्यांनी विड्यांचा, म्हणजे सिगारचा, लहानसा कारखाना काढला; पुढे द्राक्षाच्या दारूचा व्यापार केला. लहान धंदा म्हणजे काय, भांडवल कसे अडते, हे त्यांनी असे स्वतः भोगले. आणि त्यांचे डोळे झाली ती दुष्काळाच्या वर्षी जन्मलेली थोरली मुलगी आमाली. १८६६ साली त्यांचे ग्रामीण पतसंस्थांवरील पुस्तक निघाले, ते त्यांनी सांगितले आणि तिने लिहून घेतले. या पुस्तकाने त्यांची कल्पना जर्मनीभर आणि बाहेर नेली. त्यांच्या हयातीतच त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. पत्रव्यवहार, हिशेब, वाचून दाखवणे, सारे तिच्याकडे. वडिलांनी पुढे दुसरे लग्न केले. आमाली अविवाहितच राहिली आणि वडिलांच्या मृत्यूपर्यंत हे काम करीत राहिली. बिनपगारी कारभाऱ्यांचा नियम तिला सर्वांत कडकपणे लागू झाला म्हणायचा. महिला मंडळाच्या पानावर तरी तिला तिचे श्रेय मिळावे.

गावोगावच्या संस्थांना कधी पैसा कमी, कधी जास्त. म्हणून १८७२ साली त्यांनी नॉयवीडला या संस्थांची मध्यवर्ती बँक काढली, आणि १८७७ साली संस्थांचा संघ स्थापला. ११ मार्च १८८८ रोजी, सत्तरावा वाढदिवस एकोणीस दिवसांवर असताना, हेडेस्डॉर्फ येथे त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रियात आजही त्यांच्या नावाच्या बँका आहेत. हॉलंडच्या राबोबँकेच्या नावातील रा हे अक्षर त्यांचेच.

आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ती आग वेस्टरवाल्डमधील गाईसारख्याच दुखण्याची होती. न्यायमूर्ती रानडे आणि वेडरबर्नसाहेब यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची खटपट केली, ती विलायत सरकारने मंजूर केली नाही. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करायला सांगितले. त्यांचा अहवाल १८९५ आणि १८९७ अशा दोन भागांत आला आणि त्यांनी भर दिला तो राइफायझेन यांच्या पद्धतीवर. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात खेड्यातील संस्थांसाठी सभासदांची अमर्यादित जबाबदारी होती आणि नफा राखीव निधीत टाकायचा होता, म्हणजे हेडेस्डॉर्फचेच नियम. दुसऱ्याच वर्षी, १९०५ साली, त्या वेळच्या मुंबई इलाख्यात गदगजवळच्या कणगिनहाळ गावी शेतकऱ्यांची पतसंस्था नोंदली गेली.

स्त्रियांच्या हाती हा व्यवहार यायला मात्र फार उशीर लागला. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला. त्यात तारण मागायचे नव्हते. गटातील बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची होती. कर्जनिधीच्या नियमांचा मसुदा चिटणीसबाईंकडे ठेवला आहे. सभेच्या आधी प्रत्येकीने तो वाचावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीने वाचून दाखवावा.