डॉ. सुशीला नायर

झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते. स्वातंत्र्योत्तर काळात याच झाशीने एका डॉक्टर स्त्रीला चार वेळा लोकसभेवर निवडून दिले. त्या म्हणजे डॉ. सुशीला नायर.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील कुंजाह येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात आल्या. १९४२च्या आंदोलनात पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या गांधीजी व कस्तुरबांसमवेत स्थानबद्ध होत्या. अखेरच्या आजारात कस्तुरबांची शुश्रूषा त्यांनी केली. पुढे कस्तुरबांच्या नावाने सेवाग्रामला रुग्णालय उभे राहिले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुशीलाबाईंनी सार्वजनिक आरोग्याचा विशेष अभ्यास केला.

१९५७ साली त्या झाशीतून प्रथम निवडून आल्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. त्या झाशीच्या खासदार असतानाच, १९६८ साली, तेथे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि एक प्रश्न उरतच होता. शहरात शिकलेला डॉक्टर शहरातच राही आणि खेड्यातील रोगी उपचारांवाचून तळमळे. ज्याने खेडे पाहिलेच नाही, त्याला खेड्याचे दुखणे कसे कळावे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. येथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी गावात मुक्काम करतात, नेमून दिलेल्या कुटुंबांची तपासणी करतात आणि पुढेही त्यांच्या आरोग्याची विचारपूस करीत राहतात. गावकऱ्यांजवळ रोख पैसा नसतो, हे ध्यानी घेऊन येथील डॉक्टरांनी आरोग्यविम्याची वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने स्वीकारण्याची योजनाही राबवली. गावकऱ्यांची अडचण जवळून पाहिल्यामुळेच अशा नव्या वाटा संस्थेला सुचल्या.

सेवाग्राममध्ये सुशीलाबाईंना सारे आदराने ‘बडी बहनजी’ म्हणत. ३ जानेवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याने डॉक्टरकडे यावे, ही जुनी रीत होती. डॉक्टरने रोग्याच्या दारी जाऊन शिकावे, हा धडा त्यांनी घालून दिला.