पंडिता रमाबाईंचे घर

माणसाचे घर कोणते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना जन्मतःच मिळालेले असते. ज्यांना ते मिळत नाही त्यांनाच ते शोधावे लागते, आणि त्या शोधाची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. पंडिता रमाबाईंनी ती आयुष्यभर मोजली. त्यांच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात गेल्या शतकाहून अधिक काळ जी चर्चा होत आली, तिच्यात श्रद्धेचा विचार झाला, निष्ठेचाही झाला. परंतु या स्त्रीला तिच्या समाजाने घर दिले होते काय, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविण्याचे धाडस केले होते आणि त्याबद्दल लोकांचा रोषही ओढवून घेतला होता. रमा सहा महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, ते पुन्हा कोठेही स्थिर झाले नाही. पुराणकथन हे उपजीविकेचे साधन आणि दानधर्म हा खर्चाचा मार्ग. संचय संपला आणि दुष्काळ आला, तेव्हा विद्वान असलेल्या या माणसांपाशी पोट भरण्याजोगे कोणतेही कसब नव्हते आणि मोलमजुरी करणे जातीच्या अभिमानात बसत नव्हते. १८७४ च्या सुमारास आई, वडील आणि थोरली बहीण एकापाठोपाठ एक गेली. उरलेल्या बहीणभावांनी हजारो मैल पायी तुडविले.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितसभेने रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सन्मान झाला, आश्रय मात्र मिळाला नाही. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले, तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. माहेर नाही, सासर नाही, जात नाही. परंपरेच्या हिशेबात अशा विधवेसाठी कोणतेही खाते उघडलेले नव्हते.

पुण्याच्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले, हे नमूद केलेच पाहिजे. रानड्यांच्या वर्तुळात त्या वावरल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री-वैद्यांची आणि स्त्री-शिक्षिकांची गरज मांडली. परंतु व्याख्यानाला येणारी गर्दी वेगळी आणि पाठीशी उभे राहणारे घर वेगळे. वैद्यकी शिकावी म्हणून स्त्रीधर्मनीति या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये वॉन्टेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्या इंग्लंडला गेल्या. धर्म बदलण्याचा त्यांचा इरादा तेव्हा नव्हता.

तेथील आरंभ भीषण होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्या परदेशातच स्वतःचा अंत करून घेतला. बहिरेपणामुळे वैद्यकीचा मार्गही बंद झाला. अशा अवस्थेत फुलॅम येथे भगिनीसंघाचे काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळले जात होते. आपल्याकडील शास्त्रांत अशा स्त्रीसाठी दंड आणि प्रायश्चित्त त्यांनी वाचले होते. तिला जवळ घेणारी संस्था त्यांनी पाहिली नव्हती. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणाऱ्या ख्रिस्ताची कथा त्यांना याच अनुभवातून उमगली. मूळचे चित्पावन विद्वान असलेल्या फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका दूर केल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

निराधार स्त्रीने उपकारकर्त्यांचा धर्म स्वीकारला, असा सोपा निष्कर्ष येथे काढता आला असता. पुढील घटना तो टिकू देत नाहीत. उपकाराखाली दबलेला माणूस वाद घालत नाही. रमाबाईंनी पहिल्या दिवसापासून वाद घातला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी प्रश्न विचारले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असा त्यांचा आग्रह होता. मांसाहार त्यांनी केला नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा आपल्या सदसद्विवेकावर कोणाचा अधिकार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. त्यांनी ख्रिस्ताचे घर स्वीकारले; त्या घरातील इंग्रजी शिष्टाचाराचा गहाणखत लिहून दिला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्याची हमी दिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले.

१८९३ चा वाद सर्वश्रुत आहे. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात हे कळताच पालकांनी अनेकींना काढून नेले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूस झाले. पालकांची बाजू निराधार होती असे म्हणता येणार नाही. संस्था धर्मनिरपेक्ष राहील या विश्वासावर मुली सोपविलेल्या होत्या, आणि चालकाची उत्कट श्रद्धा लहान मुलींवर परिणाम केल्यावाचून राहत नाही. मात्र ज्यांनी मुली काढून नेल्या, त्यांनी त्यांच्यासाठी दुसरी शाळा तेव्हा उघडली नव्हती, ही गोष्टही तितकीच खरी आहे. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला तो १८९६ मध्ये.

त्यानंतरचे पर्व केडगावचे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या. स्वतःची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. येथे त्यांच्या विचाराचे आर्थिक अंग दिसते. दानावर जगणाऱ्या विद्वान कुटुंबाचा अंत पाहिलेल्या या स्त्रीने आपल्या मुलींना दानावर ठेवले नाही. शेती, विहिरी, दुग्धालय, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही सारी कामे बायकाच करीत. परदेशी देणग्यांवाचून संस्था चालली नसती, हे खरे. परंतु देणगीतून आयत्या घासाबरोबर कसबही निर्माण होत होते. आश्रय आणि स्वावलंबन यांतील फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर खेड्यातील बाईला कळेल अशा भाषेत केले. संस्कृतच्या सरस्वतीने संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. मुक्तीच्या स्त्रियांनी छापलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो पाहण्यास त्या नव्हत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावी देह ठेवला.

त्यांची श्रद्धा कोणी स्वीकारावी अथवा नाकारावी, तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु घर सोडून गेलेल्याला निष्ठेचा जाब विचारण्यापूर्वी, आपण त्याला घर दिले होते काय, हे समाजाने आधी स्वतःस विचारले पाहिजे. रमाबाईंना परक्या भूमीत जे आपलेपण लाभले, ते घेऊन त्या तेथेच राहिल्या नाहीत. पुणे जिल्ह्याच्या माळावर त्यांनी ते आणून वसविले आणि ज्यांना कोणतेच दार उघडे नव्हते त्यांच्यासाठी त्याचे दार उघडे ठेवले. केडगावची ती संस्था आजही उभी आहे.