डॉ. रॉबर्ट कॉख

मुलांनो, दोन आठवडे झाले तरी खोकला थांबत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटत जाते, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. अशा वेळी डॉक्टर थुंकी तपासायला सांगतात, कारण ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. या रोगाला आपण टी.बी. म्हणतो. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे त्याला क्षय म्हणत असतील. या रोगाचा जंतू ज्यांनी शोधून काढला, त्या डॉ. रॉबर्ट कॉख यांची ही गोष्ट आहे.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. डॉक्टर झाल्यावर ते वोल्श्टाइन नावाच्या लहान गावात सरकारी डॉक्टर म्हणून काम करू लागले. तेथे ना प्रयोगशाळा होती, ना मदतनीस. दिवसभर रोगी तपासावेत आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावे, असा त्यांचा क्रम होता. गुरामेंढ्यांना होणारा काळपुळी हा रोग एका जंतूमुळे होतो, हे त्यांनी १८७६ साली सिद्ध केले. त्यांचे नाव झाले आणि १८८० साली त्यांना बर्लिनला बोलावण्यात आले.

त्या काळी क्षयाने हजारो घरे उजाड होत होती. हा रोग आईबापांकडून वारशाने येतो, असे पुष्कळ लोक समजत. कॉख यांना ते पटत नव्हते. पण जंतू काही केल्या दिसेना. त्याच्यावर मेणासारखे आवरण असते, त्यामुळे त्याला सहज रंग चढत नाही. कॉख यांनी अनेक रंग वापरून पाहिले. अखेर तपकिरी भागात बारीक निळ्या काड्यांसारखे जंतू त्यांना दिसले. मग त्यांनी ते वाढवायला घेतले. इतर जंतू एक-दोन दिवसांत वाढतात. हे मात्र आठवडा उलटला तरी दिसेनात. दुसरा कोणी असता, तर त्याने नाद सोडला असता. कॉख थांबले आणि दुसऱ्या आठवड्यात जंतूंचे ठिपके दिसू लागले! २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी हा शोध बर्लिनच्या सभेत मांडला. म्हणूनच २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

पुढे कॉलऱ्याचा शोध घेण्यासाठी ते इजिप्तला आणि तेथून आपल्या देशात कलकत्त्यालाही आले.

एवढ्या धीराच्या माणसानेही एकदा घाई केली. १८९० साली त्यांनी क्षयावर औषध सापडल्याचे जाहीर केले. आशेने रोगी बर्लिनकडे धावले. पण ते औषध गुणकारी ठरले नाही. काही रोगी दगावलेही. कॉख यांच्यावर फार टीका झाली. तोच पदार्थ पुढे शरीरात क्षयाचे जंतू शिरले आहेत का, हे तपासण्यासाठी उपयोगी पडला. १९०५ साली कॉख यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २७ मे १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. पण जंतूही चिवट! रोग्याने औषध मध्येच सोडले, तर दुबळे जंतू मरतात आणि चिवट जंतू उरून वाढतात. मग नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत. असे जंतू खोकल्यातून दुसऱ्याच्या शरीरातही जातात. कोणते औषध चालेल, हे कळण्यासाठी जंतू वाढवून पाहावे लागत. त्यात कित्येक आठवडे जात. तोवर रोगी निरुपयोगी औषध घेत खंगत जाई आणि घरातल्यांनाही लागण होई.

आता तसे राहिलेले नाही. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने एका नव्या यंत्राला मान्यता दिली. क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, हे त्यावर सुमारे दोन तासांत कळते. आपल्या देशातील सरकारी दवाखान्यांत क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

तरीही उशीर होतो. यंत्र दोन तास घेते. माणसे मात्र दोन-दोन महिने घेतात. कोणी लोक काय म्हणतील म्हणून खोकला लपवतो, कोणी दुकानातून खोकल्याची बाटली आणून दिवस ढकलतो. तेव्हा मुलांनो, घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांत थांबला नाही, तर त्यांना दवाखान्यात घेऊन चला. क्षय निघाला, तर उपचार लगेच सुरू होऊ द्या. पुढे बरे वाटू लागले, तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत एकही गोळी चुकू देऊ नका. तपासणीला घाई हवी आणि उपचाराला धीर हवा, हे लक्षात ठेवा.