ध्रुवावर न गेलेले केरूनाना

दक्षिण ध्रुव म्हटलं की बर्फात अडकलेली जहाजं आणि झेंडे रोवणारे वीर आठवतात. आपल्या तापीकाठी थंडी म्हणजे दोन महिने स्वेटर, बस्स! पण या संशोधनाच्या जुन्या साखळीत एक मराठी माणूसही होता.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळच्या नागावात झाला. विशी गाठण्याआधीच ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लीबार यांच्या हाताखाली लागले. पृथ्वीचं चुंबकत्व सारखं बदलत असतं, आणि ते एका जागी बसून समजत नाही. म्हणून गाउस या जर्मन गणितज्ञाच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या वेधशाळा एकत्र आल्या होत्या. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी गटिंगेन शहराच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी नोंदी घ्यायच्या. कुलाब्याचं चुंबकीय काम याच जाळ्यातलं. त्याच मोहिमेसाठी जेम्स रॉस १८३९ मध्ये दोन जहाजं घेऊन अंटार्क्टिकाकडे निघाला. दक्षिण चुंबकीय ध्रुव जमिनीवर आत असल्यामुळे त्याला गाठता आला नाही.

रॉसचं नाव समुद्राला मिळालं. वेधशाळेत रात्रंदिवस आकडे लिहिणाऱ्यांच्या नावाने नकाशावर काहीच नाही. पण अशा नोंदी नसत्या, तर जहाजावरचे आकडे ताडून कशाशी बघणार होते?

ही सवय केरूनानांनी पुढे पुण्यात प्राध्यापक झाल्यावरही सोडली नाही. जुनी पंचांगं आकाशाशी जुळत नाहीत हे त्यांना दिसत होतं. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघालं. सणवार, मुहूर्त यांत हात घालणं सोपं थोडंच असतं! ते पंचांग फार थोड्या लोकांनी स्वीकारलं.  डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे गणित शिकलेल्या टिळकांनी पुढे १९०३ मध्ये आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होतं असं मांडणारा ग्रंथ लिहिला.

केरूनाना १८८४ मध्ये वारले. कुलाब्याच्या त्या कामाचा वारसा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि तिची उपकरणं अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ तळावर चुंबकत्वाच्या नोंदी घेतात. केरूनाना ध्रुवावर गेले नाहीत, पण त्यांचं काम मात्र तिथवर पोचलं.