लॉगच्या बटणामागचा माणूस

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘एचपी-३५’ नावाचा एक कॅल्क्युलेटर जपून ठेवला आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेला हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. बटणं ३५, म्हणून नाव ३५. किंमत तेव्हा ३९५ डॉलर. त्यावर साइन, कॉस, टॅन यांच्यासोबत लॉगचं बटण होतं. ते दाबलं की क्षणात उत्तर येई. या उत्तरांचं पहिलं कोष्टक हाताने तयार करण्यात स्कॉटलंडच्या एका जमीनदाराची सुमारे वीस वर्षं गेली होती. त्यांचं नाव जॉन नेपियर.

नेपियर यांचा जन्म १५५० मध्ये एडिंबराजवळच्या मर्चिस्टन इथला. वडील तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. तेराव्या वर्षी जॉन सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दाखल झाले आणि त्याच वर्षी आई गेली. तिथली पदवी त्यांनी घेतली नाही. १५७२ मध्ये लग्न झालं. सात वर्षांनी दोन मुलं मागे ठेवून पत्नी वारली. दुसऱ्या लग्नातून दहा मुलं झाली. एवढा मोठा संसार, शेती आणि इस्टेटीचे व्याप सांभाळून उरलेल्या वेळात ते गणित करत. आपलं खरं काम म्हणजे १५९३ मध्ये लिहिलेला धर्मविषयक ग्रंथ, असं ते मानत.

आसपासच्या लोकांना ते जादूगार वाटत. चोरी करणारा नोकर शोधण्यासाठी त्यांनी अंधाऱ्या खोलीत काळा कोंबडा ठेवल्याची गोष्ट सांगतात. चोराने हात लावला की कोंबडा आरवेल, असं नोकरांना सांगितलं होतं. कोंबड्याला काजळी फासलेली होती. भीतीने ज्याने हातच लावला नाही, त्याचे हात स्वच्छ राहिले आणि तो पकडला गेला.

त्या काळी ग्रहांची स्थिती काढणारे आणि समुद्रात दिशा शोधणारे लोक सात-सात आकडी संख्यांचे गुणाकार-भागाकार हाताने करत. एका गणिताला तास लागे आणि एक आकडा चुकला की सगळं पुन्हा. नेपियर यांचे स्नेही डॉ. जॉन क्रेग हे राजाचे वैद्य होते. डेन्मार्कचे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तिकडे गुणाकाराऐवजी बेरीज करण्याची एक युक्ती वापरात होती. ती क्रेग यांच्याकडूनच नेपियर यांना कळली असावी, असं मानतात.

नेपियर यांनी मात्र याहून सोपी आणि सगळीकडे चालणारी वाट शोधली. १०० ला १००० ने गुणायचं, तर आपण दोन शून्यं आणि तीन शून्यं मिळून पाच शून्यं देतो. गुणाकाराची बेरीज होते. हीच सोय मधल्या संख्यांसाठीही करायची, तर प्रत्येकीसाठी असा एक आकडा आधी काढून ठेवायला हवा. तोच लॉग. १६१४ मध्ये त्यांचं कोष्टकांचं पुस्तक छापलं गेलं.

ते वाचून भारावलेले लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ च्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला स्कॉटलंडला गेले. १० हा पाया धरला तर कोष्टकं वापरायला सोपी होतील, यावर दोघांचं एकमत झालं. पण नेपियर यांची तब्येत साथ देत नव्हती. त्यांना गाऊटचा त्रास होता. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात त्याचे स्फटिक साचणारा हा आजार आज गोळ्यांनी आटोक्यात राहतो. तेव्हा ही सोय नव्हती. नवी कोष्टकं करण्याचं काम ब्रिग्ज यांनी अंगावर घेतलं.

१६१७ मध्ये नेपियर यांचं आणखी एक पुस्तक आलं. त्यात पाढे कोरलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून गुणाकार करण्याची रीत होती. हेही हातात मावणारं गणकयंत्रच. ‘नेपियरची हाडं’ म्हणून या पट्ट्या आजही संग्रहालयांत दिसतात. त्याच वर्षी ४ एप्रिलला ते वारले.

लॉगच्या आधारे केप्लर यांनी ग्रहांची कोष्टकं १६२७ मध्ये प्रसिद्ध केली. लॉगवरच स्लाइड रूल बनला आणि साडेतीनशे वर्षं अभियंत्यांच्या हातात राहिला. एचपी-३५ सारख्या यंत्रांनी तो काही वर्षांत हद्दपार केला. लॉग मात्र गेला नाही. विद्यार्थी नर्मदाकाठच्या मणिबेलीचा असो की मुंबईचा, बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. २ चा लॉग ०.३०१० हे अनेकांना पाठच असतं.

हाच आकडा दवाखान्यातही भेटतो. रक्ताचा पीएच हा लॉगच्या मापाने मोजतात. निरोगी माणसात तो ७.३५ ते ७.४५ असतो. मधुमेह फार बिघडलेल्या रुग्णात तो ७.४ वरून ७.१ वर आला, तर नातेवाइकांना फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात ०.३ ची घट म्हणजे रक्तातलं आम्ल दुप्पट झालेलं असतं आणि रुग्णाला तातडीने उपचार लागतात. आवाजाचंही तसंच. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. म्हणून ८५ आणि ९५ डेसिबल कानाला सारखे नसतात. एचआयव्हीच्या उपचारात विषाणूंची संख्या एक लाखावरून एक हजारावर आली, तर डॉक्टर दोन लॉग घट झाली म्हणतात. म्हणजे शंभरातले ९९ विषाणू गेले.

रिपोर्टमधला आकडा साध्या मापाचा आहे की लॉगच्या, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. लॉगच्या मापात दशांश चिन्हानंतरचा छोटा फरकही मोठा असतो.