सम्राट अशोकाचा पश्चात्ताप आणि त्याची दंडनीती

१९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तो दिवस आपण अशोक विजयादशमी म्हणून पाळतो. उद्या तुमच्या मुलाने विचारले, की लाख माणसे मारणाऱ्या राजाचे नाव आपण का घ्यावे, तर काय सांगाल? हा प्रश्न टाळू नका. उत्तर अशोकाच्या चरित्रातच आहे.

चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र अशोक, याचा राज्याभिषेक इ. स. पूर्व २६९ च्या सुमारास झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. एक लाख माणसे ठार झाली, दीड लाख धरून नेली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली. हे आकडे शत्रूने दिलेले नाहीत. अशोकाने स्वतःच ते आपल्या तेराव्या शिलालेखात कोरविले आणि आपल्याला झालेला पश्चात्तापही त्यातच नमूद केला.

त्याला शिक्षा देणारा न्यायाधीश पृथ्वीवर नव्हता. मग त्याचा पश्चात्ताप खरा की खोटा, हे कशावरून ठरवायचे? त्याच्या पुढील आचरणावरून. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा उत्साह दाखविला नाही, हेही त्याने लपविले नाही. पुढे त्याने धम्ममहामात्र नेमले. म्हातारे कैदी आणि मुलेबाळे असलेले कैदी यांची सुटका पाहणे हे त्यांचे एक काम होते. कोणालाही विनाकारण कैद किंवा छळ होऊ नये, अशी ताकीद त्याने कलिंगातील तोसलीच्या अधिकाऱ्यांना दिली. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी त्याने न्यायाची आणि शिक्षेची रीत सर्वांना सारखी असावी असे फर्माविले, आणि देहान्ताची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत नातलगांनी त्यांच्या प्राणांसाठी विनंती करावी, आणि कोणी नसेल तर कैद्याने परलोकासाठी दान किंवा उपवास करावा, असा त्यामागचा हेतू होता.

पण आंधळी भक्ती हा धम्म नव्हे. अशोकाने देहदंड रद्द केला नाही. कलिंगही परत दिले नाही. पश्चात्तापाचा तो तेरावा लेख कलिंगातील धौली आणि जौगड येथे कोरविलाच नाही. ज्यांची माणसे मेली, त्यांच्यासमोरच तो शब्द नाही! उलट त्याच लेखात अरण्यातील लोकांना बजावले आहे, की पश्चात्ताप झालेल्या राजाजवळही सामर्थ्य आहे, तेव्हा त्यांनी लाज धरावी, म्हणजे मरण टळेल. राजाचा पश्चात्ताप थोरवी ठरला आणि अरण्यवासीयाला मात्र जगण्यासाठी तो करावा लागला.

यातून तुम्ही काय घ्याल? कोर्टात रडणे सोपे असते, आणि चांगला वकील असलेल्याला ते शिकविताही येते. गरिबाला, अडाण्याला आपले दुःख बोलून दाखविता येत नाही. म्हणून शिक्षा प्रथम कृत्य पाहून आणि सर्वांना सारख्याच मापाने द्यावी. मात्र माणूस बदलू शकतो, हे नाकारू नये. त्याला अवधी द्यावा, पुढचे वर्तन पाहावे, आणि मग दया करावी. ज्याचे नुकसान झाले, त्याच्यापर्यंत तो पश्चात्ताप पोचला की नाही, हेही विचारावे.

तुमच्या घरात, वस्तीत कोणी चुकले, तर हेच माप लावा. मुलाने विचारले, तर अशोकाचे मोठेपण सांगा, आणि त्याची उणीवही सांगा.